आधी दाढ

बँकेच्या बाकावर शिवणकामवाल्या बाई पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. चष्म्याची मोडलेली काडी त्यांनी दोऱ्याने बांधली होती. वर्षभराची शिल्लक घरकर्जात भरायला त्या आल्या होत्या. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याचा गाल टम्म सुजला होता.

"सगळे पैसे कर्जात भरून टाकू. तीन वर्षांत घर आपलं."

"आणि दाढ?"

"दाढ थांबेल गं."

"गेल्या वर्षीही थांबलीच होती. त्याआधी फ्रिज थांबला. मी तर लग्नापासून थांबलेय."

"कर्ज डोक्यावर असलं की मला झोप लागत नाही."

"झोप दाढेमुळे लागत नाही, अहो! रात्रभर कण्हता तुम्ही."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"अर्धे कर्जात, अर्धे अडीनडीला. पाच वर्षं लागली तर लागू देत. घर काय पळून जातंय?"

"तीनचं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं, जमत कुठे होतं? इथे सगळं भरायचं आणि पुढच्याच महिन्यात भावोजींपुढे हात पसरायचे!"

"...पाच जमतील?"

"आरामात."

"मग आज दाढ काढूनच टाकतो."

"उठा मग! पैसे उद्या भरू. बाई, आमचा नंबर तुम्ही घ्या."

दोघं गेली. खिडकीतल्या कारकुनाने बाईंना ओळखलं.

"दरवर्षीसारखे सगळे ना?"

"अर्धेच घ्या," बाई म्हणाल्या. "आणि हो, समोरचं चष्म्याचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"