तीस मीटर

गुडघा शेकून घ्यायला आलेले शिंपीकाका व्यायामोपचाराच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होते. तेवढ्यात मागच्या मैदानातून एक फुटबॉल खेळणारी मुलगी धापा टाकत आत आली आणि शेजारी बसलेल्या आपल्या वडिलांजवळ टेकली. काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण कान तिकडेच होते.

“किती?”

“तीस मीटरला चार पॉइंट चार सेकंद.”

“म्हणजे बरं की वाईट?”

“बाबा, मांडीचा स्नायू फाटायच्या आधी चार पॉइंट सहा लागायचे!”

“काहीतरीच! दुखण्यानं कुणाचा वेग वाढतो का?”

“दुखण्यानं नाही, व्यायामानं. इथल्या व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणतात, माझ्या मांडीचा मागचा स्नायू पहिल्यापासूनच कच्चा होता. म्हणून वेग अडायचा आणि म्हणूनच तो फाटला.”

“आणि मी म्हणत होतो, गुडघ्यांवर उभं राहून पुढे झुकल्यानं कुणी पळायला शिकतं का!”

“रोज म्हणत होतात. आणि रोज माझे घोटे धरून बसतही होतात.”

“मग तोंडावर आपटू द्यायचं तुला? बरं, खरं सांग. पळताना मांडी ओढली?”

“नाही.”

“जरासुद्धा?”

“बाबा, शेवटच्या दहा मीटरला पाय जपायचा असतो, हेच विसरले मी.”

वडिलांनी तिची पाठ थोपटली.

“शनिवारी निवडीला जाऊ ना?”

“जा. आईला कळव.”

“करते फोन.”

“थांब, मीच करतो... हॅलो, अगं ऐकलंस का? आपली पोर विसरली!”