बाटलीतलं लोखंड

माहं गाव आसेगाव, मंगरूळपीरकडचं, जिल्हा अकोला, अन् जात लोहाराची, म्हणजे जलमलो तोच भात्याच्या आवाजात. शाळा म्हणसान तं दुसरीपर्यंत, सही येते, एसटीची पाटी वाचता येते, अन् त्याच्या पुढं मले कधी अडलं नाही. अडलं ते लोकाईचं. वखराची पास बोथटली, फाळ मोडला की गावातला मोठा कास्तकार बी माह्या भट्टीपुढं उकिडवा बसे. लोखंड कोण्या रंगावर आलं की घण मारा अन् कोण्या रंगावर पाण्यात बुडवा, हे मले कोण्या डॉक्टरनं शिकवाची गरज नाही. हे पहिले लिहून घ्या, पुढचं सारं याच्यावरच आहे.

भट्टीजवळ दगडाची कुंडी आहे, माह्या आज्याच्या वक्तातली. तापलेला फाळ तिच्यात बुडवला की चर्र करते, अन् बुडवून बुडवून ते पाणी काळसर होते. ते पाणी आमच्याइकडं औषध. कोणाची सून पांढरी पडली, कोणाचं पोरगं माती खाऊन राह्यलं, की बाया लोटा घेऊन दारात, द्या ना दादा जराकसं. म्या कोणाले नाही म्हटलं नाही. माह्या बापानं बी नाही म्हटलं नाही.

पोरगी मले एकच, वच्छला. तिची माय दुसऱ्या बाळंतपणात गेली, लेकरू बी गेलं, तवा वच्छी येवढीशी होती, भात्याजवळच्या पोत्यावर झोपे. म्या दुसरी बायको केली नाही. पोरीले वाढवलं, किन्हीराज्याले देली, अन् पहिलटकरीण म्हणून माहेरी आणली. गाडीतून उतरली तं मले वळखूच येईना. तोंड मेणावानी, पायावर सूज, आंगणातून घरात येस्तोर दम लागे. म्या म्हटलं, सासरच्याईनं खाऊ घातलं नाही काय वो? ते म्हणे, नाही बाबा, खाते, आंगीच लागत नाही. मंग म्या कुंडीचं पाणी सुरू केलं. रोज माह्या हातानं गाळून देत होतो. पोरगी गुमान पेत होती, पण ओठ काही लाल होईना.

गावात नर्सबाई येत होती, मानोऱ्याकडची, तोंडानं फटकळ. तिनं रक्त वाढाच्या गोळ्या देल्ल्या. गोळी पोटात गेली की उलटी. मंग ते म्हणे, दादा, पोरीले दवाखान्यात तुमी नेता का मी नेऊ? म्या म्हटलं, मीच नेतो, पण सरकारच्या सुईवर माहा भरोसा नाही.

काय सांगू तुमाले, तवा आणीबाणीचे दिवस होते. नसबंदीची जीप आली की गडी माणसं तुरीत जाऊन लपत. मी बी लपलो. रंडका माणूस मी, माही नसबंदी करून सरकारले काय भेटणार होतं? पण लपलो. तं अशा दिवसात पहिलटकरीण पोरगी सुईपुढं नेऊन बसवाची, अन् उद्या तिची कूस बंद पडली तं जावयाले काय तोंड दाखवाचं? हे डोक्यात धरूनच मी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीण लहानशीच होती, आमच्या वच्छीयेवढी. तिनं आंगठ्यानं वच्छीची खालची पापणी ओढली अन् आत पाह्यलं. म्या म्हटलं, बाई, पोरगी पोटुशी आहे, डोळे कायले पायता? ते म्हणे, काका, हिच्या रक्तात लोखंड कमी आहे.

आता सांगा. लोहाराच्या पोरीच्या आंगात लोखंड कमी! बाजूच्या खाटीवरची बुढी खदखदून हासली, म्हणे, इतके फाळ बनवले बापा, एखांदा पोरीले ठेवाचा होता. मले आंगार लागली. पण डॉक्टरीण हासली नाही. म्हणे, गोळ्या पोटात टिकत नाहीत अन् थांबायला वेळ नाही. लोखंडाचं औषध सलाईनमधून शिरेत सोडावं लागेल. अशीच बाळंत झाली तर थोडं रक्त गेलं तरी पोरगी हाती लागणार नाही.

मंग तिनं पाण्यावानी साफ सलाईनच्या बाटलीत काळंभोर औषध सोडलं. सारी बाटली कोऱ्या चायवानी झाली. म्या म्हटलं, हे तं माह्या कुंडीचंच पाणी, तुमी काचेत भरलं. सिस्टरनं सुई टोचली. नळी लावली, जराकसं आत गेलं, अन् डॉक्टरीणबाईनं बंद केलं. मनगट धरून वच्छीच्या तोंडाकडं पायत बसली. म्या म्हटलं, काहून बंद केलं? ते म्हणे, एखाद्याला सोसत नाही, म्हणून आधी थोडं देऊन बघतो. म्हटलं, म्हणजे तुमाले बी भरोसा नाही! अन् हे नसबंदीचं तं नाही ना? ते म्हणे, काका, नसबंदी बाटलीतून होत नसते. म्हटलं, मले काय माहीत, सरकारचं काय कशातून होईन.

माह्या बंडीच्या खिशात चुंबक राहे, जुन्या भोंग्यातून काढलेलं. भट्टीखालचा कीस मी त्यानंच उचलतो. ते काढलं अन् बाटलीले लावलं. काहीच नाही. इकून लावलं, तिकून लावलं, पाणी जागचं हाललं नाही. खाटीच्या दांडीले लावलं तं ठप्पकन चिटकलं. म्हटलं, पाहा, खाटीत लोखंड आहे, बाटलीत नाही. बाई म्हणे, ते वेगळ्या रूपात असतं, चुंबक त्याला ओढत नाही. म्या म्हटलं, चुंबक ज्याले ओढत नाही असं लोखंड म्या जिंदगीत पाह्यलं नाही, काढा ते नळी. अन् म्या नळीले हात घातला. सिस्टर वरडली, ओ बुवा, हात मांगं घ्या!

वच्छी पडल्या पडल्या बोलली. हळूच बोलली. म्हणे, बाबा, माय बी अशीच पांढरी झालती ना? म्या म्हटलं, हाव. म्हणे, तिले बी कुंडीचंच पाणी देत होते ना तुमी?

बुढी हासाची थांबली. वच्छी म्हणे, तुमचं चुंबक पाहून झालं, आता मले पाहू द्या.

म्या हात काढला. आता तुमी म्हणसान, वच्छीची माय त्या पाण्यानं गेली. तसं लिहू नका. ते बाळंतपणात गेली.

बाईनं मंग नळी सोडली. दिवस मावळेस्तोर टपटप चालू होतं, अन् मी थेंबाथेंबावर डोळा ठेवून बसलो. मधात पोरीले थंडी वाजून आली, दात वाजाले लागले, मी उठलोच होतो, पण बाई धावत आली, नळी कमी केली, घोंगडी टाकली, तिचा हात धरून बसली. थंडी गेली. त्या बाईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे म्या पाह्यलं. चुंबक खाटीलेच चिटकलेलं राह्यलं, घरी आल्यावर याद आली.

मंग हळूहळू ओठाले रंग चढला. बाळंतपण तिथंच केलं. रक्त गेलं, बरंच गेलं, पण वच्छी गेली नाही. पोरगी झाली. अन् नसबंदीचं म्हणसान, तं आता वच्छीले दुसऱ्यानं दिवस गेले आहेत.

बाटलीत लोखंड होतं असं मी आजबी म्हणत नाही. म्या पाह्यलं नाही, तं कसं म्हणू? बाया अजूनबी लोटा घेऊन येतात. मी पहिले त्याईची पापणी ओढून पायतो. आत पांढरं दिसलं की म्हणतो, दवाखान्यात जाय वो, पाणी मंग.

वच्छी परवाच आली. गाडीतून उतरली की पहिले माह्यापुढं तोंड करते, तिले माहीत आहे. माहा आंगठा कोळशानं काळा, गालावर डाग पडते. म्हणे, बाबा, लाल आहे ना? म्हणतो, थांब, उजेडात ये. उजेडात बी एकडाव पायतो, अन् दुसरा डोळा बी पायतो. मंग म्हणतो, आहे. अशीच राह्य बाई. जाय, पाय धू.