नायक आला तरी पाय उचलायचा नाई

आमी गोर बंजारा. माह्या सासऱ्याचा आजा बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरे, आता तांडा कळंबच्या अलीकडं एका जागी बसला, कापूस-तूर करते, पन वाहतुकीचं येड काई रक्तातून गेलं नाई. माह्या मालकानं जुनी जीप घेतली ते त्याच्यापायीच. बायाईले कापूस वेचाले न्यायचं, बाजारच्या दिवशी कळंबले न्यायचं. तो तापानं गेला न मंग मीच चालवू लागली. लोकं हासले. हासू द्या म्हनलं, दात त्याईचे हायेत.

मंग क्लच बसला. पाय ठेवला का पेडल भसकन खाली, गियर पडेच ना. आमचा नायक, म्हंजे तांड्याचा मोठा मानूस, तो माह्या सासऱ्याचा थोरला भाऊ. तो म्हने बाईमानसानं गाडी हाकली का असंच होते, इकून टाकू, म्या यवतमाळहून गिऱ्हाईक बलावलं, दुपारी येते. मले इचारलंबी नाई. काय सांगू तुमाले, अंगाची आग झाली. गाडी गेली का मी परत दुसऱ्याच्या वावरात वेचाले, न मालक दुसऱ्यांदा गेल्यासारखा.

क्लचचं ऑइल गळत होतं ते रबर म्या बदललं होतं, नुसती आत हवा राह्यली होती. ते हवा काढाचं मले ठाऊक, मालक गाडीखाली निजे न मी वर बसून पेडल दाबो. आता खाली मी, त वर कोन? याडीले बसवलं, याडी म्हंजे माही सासू. तिले सांगतलं, दाब म्हनलं का दाबायचं, धर म्हनलं का धरून ठेवायचं, मी खालचा नट सैल करतो, हवा न ऑइल नळीतून भाईर येते, मी नट आवळून सोड म्हनीन तवाच पाय उचलायचा. ती म्हने एवढंच ना, भाकर थापाहून सोपं हाय.

बुडबुडे निंघू लागले, मले बरं वाटलं, न नट उघडा असतानाच पेडल वर आलं. हवा माघारी आत. काहून व याडी म्हनत खालून सरकून भाईर आली. पाह्यतो त याडी गाडीतून उतरून, घुंगट ओढून, भिंतीकडं तोंड करून उभी. समोरून नायक गेलता ना. जेठ, म्हंजे नवऱ्याचा थोरला भाऊ, दिसला का बाई उंचावर बसत नाई, आमच्यात रीत हाय. पुन्हा पयल्यापासून. पुन्हा नायक गिऱ्हाईक आलं का पाहाले आला, पुन्हा याडी खाली, पुन्हा हवा आत. मुद्दाम फिरे का काय, देव जाने. दर खेपेले वरून ओतायचं, बाटलीतलं ऑइल सरत आलं.

मंग मी खालूनच बोलली, चांगली जोरानं. याडी, घुंगट नाकापर्यंत ओढ, छातीपर्यंत ओढ, पन घुंगट डोक्याले असते, पायाले नाई. तुह्या पोराची गाडी त्या पायाखाली हाय, उचलला का गेली.

याडी परत वर चढून बसली. तेवढ्यात नायक गिऱ्हाइकाले घेऊन आलाच, मले खालून त्याचे जोडे दिसले, दारापाशी थांबले. म्या म्हनलं, धर. नट सैल केला. जेठ लहान भावाच्या बायकोसंग सिधा बोलत नाई, म्हनून नायक मलेच म्हने, तिले उतराले सांग, गिऱ्हाइकाले गाडी पाहू दे. वर याडीचे वाळे वाजले, मले वाटलं गेलं आता सारं.

पन पेडल हाललं नाई. न जी जलमभर त्याच्यासमोर बोलली नाई ते याडी घुंगटातून म्हने, सून सोड म्हनन तवा उतरतो.

मले खाली पडल्या पडल्या रडू आलं न हासूबी आलं. निवांत नट आवळला, मंगच सोड म्हनलं. अजून दोन खेपा तसंच केलं, उरली हवा निंघाली, पेडल कडक झालं. गाडी चालू केली, गियर टाकला, न गिऱ्हाइकासमोरून तांड्याले चक्कर मारून आली. गाडी इकाची नाई म्हनलं, चहा घेऊन जा.

आता बाजारच्या दिवशी नायकबी माह्याच गाडीत येते, दुसरी हाय कोनती? मांगं बसते, बायाईच्या मंधात. याडी पुढं, माह्या बाजूले, घुंगट ओढून. उतरत नाई. देव नायकाले लय आयुष्य देवो, फक्त उतरताना दार आपटू नोको म्हना.