अठरा वर्षं दुरुस्त करून राहिलो

अर्जाले चार-चार पानं काहून जोडता रे? माही नोकरी एका ओळीवर लागली. अन् त्याच ओळीपायी जाता जाता राहिली.

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, तवाची गोष्ट. मी अकोल्याच्या जिनात फिटर. कापसातली सरकी काढायचं ते जिन बंद पडलं. वय चाळीस, घरी खानारे सात. अमरावतीच्या जिनात जागा निघाली, तं मी अर्जात सारंच लिहिलं. आईचं दुखनं, पोरीचं लगन, सारं. शेजारच्या मास्तरानं ते खोडलं. म्हने, "तुमाले येते काय, तेवढंच लिहा!"

मी लिहिलं, "अठरा वर्षांपासून जिनातलं मशीन दुरुस्त करून राहिलो."

मुलाखतीले मॅनेजर निघाला पुण्याचा. त्यानं ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला.

"अठरा वर्षं? आणि अजून दुरुस्त झालं नाही?"

आमच्याकडं 'करून राहिलो' म्हनजे करत असतो, हे त्याले कोन सांगनार? माहं डोस्कंच फिरलं. म्हनलं, "सायब, ते एकदाच दुरुस्त होऊन बसलं असतं, तं मालकानं मले अठरा वर्षं ठेवलं असतं काहून?"

सायब पोट धरून हासला. "उद्यापासून या. पण आमचं जरा लवकर करा."

सहा महिन्यांनी मुंबईहून मालकाचा फोन आला, रुईच्या गाठी कुठं अडल्या म्हनून. अन् हाच पुण्याचा सायब फोनात वरडत होता, "बांधून राहिलो, शेठजी, बांधून राहिलो!"