काराकोलच्या घराच्या संमतीवरची सही

मी, कुमुश असानोवा, वय ४१ वर्षे, धंदा तंदुरी रोट्या विकणे, राहणार बाजारामागे भाड्याच्या खोलीत, काराकोल. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

तेमिर साद्यकोव याच्याशी माझे लग्न होऊन एकोणीस वर्षे झाली. शाळेच्या रस्त्यावरचे चार खोल्यांचे घर आम्ही लग्नानंतर बांधले. त्या काळात मी सहा वर्षे मॉस्कोत लोकांचे जिने पुसत होते आणि तेमिर इथे गवंड्यांना चहा पाजत होता. त्याच्या मते घर त्याने बांधले. कायद्याने लग्नानंतर केलेले घर दोघांचे, कागदावर नाव कोणाचेही असो. दुसऱ्याला द्यायचे तर जोडीदाराची संमती नोटरीसमोर लागते.

मागच्या एप्रिलात मी घटस्फोट मागितला. कारण इथे लिहिण्याची गरज नाही. महिन्याभरात कळले की तेमिरने घर आपल्या आईला, सैरा हिला, बक्षीस दिले आहे. संमतीवर माझ्या नावाची सही होती. मी ती केलेली नाही. सासू म्हणाली, "कसला गं अर्धा वाटा? येताना गाद्या आणल्या होत्यास ना, त्या उचल आणि चालती हो." मी गाद्या उचलल्या. याच ठाण्यात तक्रार द्यायला आले, तर नवरा-बायकोचे भांडण म्हणून मला परत पाठवले. तेही लिहून घ्यावे.

आमच्यात आईबापांचे घर धाकट्या मुलाला जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. तेमिर थोरला आहे. घर आईच्या नावावर करताना हे त्याच्या डोक्यात आले नाही. यंदा धाकट्या मिर्लानचे लग्न झाले आणि सासूने तेमिरला गाशा गुंडाळायला सांगितले.

काल सकाळी अकराला तो माझ्या तंदूरपाशी आला. न विचारता रोटी तोडून खाऊ लागला. म्हणाला, "अगं कुमुश, तू कोर्टात जा ना! सही खोटी आहे म्हण. बक्षीस रद्द झालं की अर्धं तुझं, अर्धं माझं."

"सही कोणी केली म्हणून सांगू?"

"आईचं नाव घे. म्हातारीला कोण आत टाकतंय?"

"आणि खरं कोणी केली?"

"माझ्या मामाची बुरुल गं. तुझा पासपोर्ट दिला, तुझाच रुमाल बांधून मीच नेली तिला. नोटरीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

सांगताना तो हसत होता. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या दोन बायकांनी हे ऐकले. त्यांची नावे सोबत देत आहे.

सासूने मला एकोणीस वर्षांत एकदाही धड हाक मारली नाही. तरी या सहीत तिचा हात नाही. सही तेमिरने करवून घेतली. बक्षीस रद्द होऊन माझा अर्धा वाटा मला मिळावा. उरलेला अर्धा कायद्याने तेमिरचा आहे, त्याला माझी हरकत नाही. शिक्षा भोगून आल्यावर त्याने तो खुशाल घ्यावा.

माझा जबाब मला वाचून दाखवला, सांगितला तसाच उतरला आहे. खालची सही मी स्वतः, तुमच्यासमोर करत आहे.