दीपगृहाच्या दारामागे

तिसरा भाग, तिसरा भाग, तिसरा भाग... कान किटले हो माझे! लोकांच्या घरात सुनेचा विषय असतो, शेजारणीचा असतो, गेला बाजार गुडघेदुखीचा तरी असतो, आमच्या मोरिवाकींच्या घरात वर्षानुवर्षं एकच विषय, तिसरा भाग कधी येणार? कशाचा म्हणून काय विचारता, खेळाचा! टीव्हीला डबा जोडून पोरं अंगठे झिजवत बसतात ना, तो खेळ. आमचे हे त्याच कंपनीत, इथंच ओसाकात, जन्मभर लाटा काढायला होते. हसताय काय, खरंच लाटा! त्या खेळात गेंता नावाचा एक नावाडी हरवलेल्या भावाला शोधत समुद्रभर हिंडतो, तर त्या गेंताच्या होडीखालचं पाणी आमच्या ह्यांचं. सकाळी डबा घेऊन जायचे, दिवसभर लाटा काढायच्या, संध्याकाळी यायचे. मी विचारायची, काय केलंत आज? तर म्हणायचे, "फेस." संपलं बोलणं!

म्हणजे माणूस वाईट नाही हो, पण तोंडात शब्द मोजून ठेवलेले, आणि आमचा केंगो, एकुलता एक, तो तर बापाच्या वरताण. दोघं एकमेकांशी बोलायचे ते फक्त त्या खेळापुढे. थंडीत गरम टेबलाच्या गोधडीत पाय घालून आम्ही तिघं बसायचो, बाप एकीकडे, लेक एकीकडे, दोघांची नजर टीव्हीवर, आणि मी मध्ये बसून संत्री सोलायची, एक फोड ह्यांना, एक फोड त्याला. केंगो म्हणायचा, बाबा, हे पाणी हिरवं का? हे म्हणायचे, खाली वाळू आहे. बस, तेवढ्यावर पोरगा आठवडाभर खूश! मला ओ की ठो कळायचं नाही, पण दोघं बोलतायत ना, मग झालं. मी आपली मधली.

बरं, दुसऱ्या भागाचा शेवट माहितीये तुम्हाला? नसेलच. तर हा गेंता सगळे समुद्र पालथे घालून एका दीपगृहापाशी येतो. वर चढतो. दाराला हात लावतो. दार किलकिलं होतं, आतून उजेड येतो, आणि... पुढील भागात! अहो, ही काय रीत झाली? पाहुण्याला एवढ्या लांबून बोलवायचं आणि उंबऱ्यावरनं परत पाठवायचं? आमचा केंगो तेव्हा सहावीत, ढसाढसा रडला. बापाला विचारलं, दारामागे काय आहे? हे म्हणाले, "तिसऱ्या भागात." झालं! तेव्हापासून तिसरा भाग, तिसरा भाग... पोराला मिसरूड फुटलं, कॉलेज संपलं, नोकरी लागली, गेंता आपला दारात उभा!

आणि मग एक दिवस कंपनीनं सांगितलं की गेंता येतोय. मी म्हटलं, आला बाई एकदाचा! कुठे येतोय? तर पाचिंकोत!

पाचिंकोत हो! स्टेशनाबाहेरचा तो झगमगाट, ओळीनं यंत्रं मांडलेली, मूठ फिरवायची, स्टीलच्या गोळ्या टणाटण वर उडायच्या, मधल्या भोकात गोळी पडली की पडद्यावर चित्रं फिरतात, तीन सारखी आली तर गोळ्यांचा पूर, नाही आली तर तोंड पाडून घरी. आता जुगार म्हणायचं नाही हं त्याला, सरकारदरबारी ती करमणूक! तर कंपनीचं म्हणणं, खेळ करायला खर्च फार, वेळ फार, त्यापेक्षा आपली सगळी नामवंत मंडळी यंत्रांवर बसवा, तलवारवाला बसवा, भुतांची हवेली बसवा, गेंताला बसवा. साहेबांनी भाषण काय ठोकलं, (अशी मान वाकवून, आवाजात तूप घालून) "आपल्या लाडक्या पात्रांना आज नवीन घर मिळत आहे." नवीन घर म्हणे! पोरीला तमाशाच्या फडात पाठवायची आणि सांगायचं, सासरी दिली!

आणि त्या यंत्राच्या लाटा काढायच्या कुणी? आमच्या ह्यांनी. निवृत्तीला थोडकी वर्षं राहिलेली, माणूस जातो कुठे? गेले त्या खात्यात, गपचूप. घरी आल्यावर मी विचारलं, काय केलंत आज, तर नेहमीसारखं "फेस"सुद्धा म्हणाले नाहीत.

केंगोला कळलं ते वर्तमानपत्रातून. रविवार होता, मधोमध पातेलं उकळतंय, मी कोबी टाकतेय, आणि पोरगा एकदम म्हणाला, "बाबा, मला पोहायला भीती वाटायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, गेंताला नाही वाटत, मग तुला कशाला? त्याच गेंताला तुम्ही गोळ्या मोजायला बसवलात?" मी ह्यांच्याकडे बघतेय, म्हटलं आता तरी बोला, रागवा, चार शब्द सुनवा, पोरगंय ते, तुमच्या शब्दासाठी आसुसलंय! आणि आमचे हे काय म्हणाले असतील? "मुळ्याचं लोणचं दे."

लोणचं! दिलं मी. दुसरं काय करणार?

त्या वसंतात केंगो पार उत्तरेला, सेंदाईला गेला, लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, आणि तिथून बापाशी बोलणं बंद. तसा निरोप चालू, पण माझ्यामार्फत! फोन मला करायचा. हे शेजारी बसून पेपर वाचतायत असं दाखवायचे, पेपर उलटा! मग हळूच, "त्याला सांग, तिकडे बर्फ पडतंय, जाड मोजे घाल." मी फोनात, बाबा म्हणतायत जाड मोजे घाल. तिकडून, "बाबांना सांग, आहेत मोजे." मी इकडे, आहेत म्हणे मोजे. अहो, टपालखात्याला पगार तरी मिळतो! मी आपली मधली.

तुम्हाला सांगते, हसते मी, पण त्या वर्षांत घरात संत्री आणायची बंद केली होती. सोलून द्यायची कुणाला? हे एकटे बसून टीव्हीकडे बघायचे, टीव्ही बंद असायचा. मला वाटायचं, ह्या दोघांतला एक जण जाईल एक दिवस, आणि दुसरा त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावून मलाच सांगेल, "त्यांना सांग."

मग ह्या जुलैत काय झालं, मी गच्चीत उमे म्हणतात ती आंबट फळं खारवून उन्हात वाळत घालत होते. हे निवृत्त होऊन घरीच, माझ्या शेजारी बसून एकेक फळ उलटतायत. आणि फळ उलटता उलटता, काही विचारलेलं नसताना, आमचे हे बोलले. "दार उघडलंय मी." मी म्हटलं, कुठलं दार, संडासाचं? तर म्हणाले, दीपगृहाचं! कंपनीला हवी होती नुसती आतषबाजी, लागलं की फटाके, संपलं. ह्यांनी काय केलं, यंत्राच्या पोटात, लागोपाठ लागतच गेलं तर अगदी शेवटी जे दिसतं ना, जे सहसा कुणाला दिसतच नाही, तिथे तिसऱ्या भागाचा शेवट काढून ठेवला. सगळा, दारामागचा. साहेबांनी बघितलं, म्हणाले ठेवा, पाणी छान आहे. मी म्हटलं, अहो, मग पोराला सांगायचं नाही का? तर हे फळं उलटत म्हणतात, "त्यानं विचारलं नाही." मला असा राग आला, असा राग आला, की मी... फळं उलटत बसले.

ऑगस्टात पितरं घरी येतात म्हणून केंगोलाही यावंच लागलं. मेलेले वेळेवर येतात, जिवंतालाच दहा फोन करावे लागतात! मी त्याला स्वयंपाकघरात गाठला आणि सांगून टाकलं, दारामागे काय आहे ते स्टेशनाबाहेरच्या हॉलमध्ये आहे, बाबांनी काढलंय, तू चल. म्हटलं, आता हा निघून जाणार. हातातला वाडगा धुतला, पुसला, पुन्हा धुतला, आणि वाडग्यालाच विचारावं तसं विचारलं, "किती वाजता उघडतं?"

आता मी जन्मात त्या हॉलची पायरी चढले नव्हते! पण गेले. सकाळची लाईन, आत जायच्या नंबराच्या चिठ्ठ्या उचलायच्या, मला नंबर लागला पहिल्यातला. दार उघडल्याबरोबर ही म्हातारी धावली! गेंताची तीन यंत्रं शेजारीशेजारी, मी कोपऱ्यातल्यावर बसले आणि उरलेल्या दोन यंत्रांच्या, गोळ्या पडतात त्या ताटल्यांत, एकीत रुमाल टाकला, एकीत पिशवीतली लेमनची गोळी. तिथला तो टाय लावलेला पोऱ्या आला, वाकून म्हणतो, ताई, एका माणसाला एकच यंत्र. त्याच्याही हातात गोळी ठेवली, म्हटलं, खा बाळा, घसा बसलाय तुझा. गेला. माझा हिशेब असा, की बापलेक शेजारीशेजारी बसतील. बसले का? छे! हे आले, म्हणाले कोपरा मला दे, आणि मला सरकवलं. मागून केंगो आला, बापाला बघितलं आणि दुसरं टोक धरलं. ह्या टोकाला बाप, त्या टोकाला लेक, आणि मी? मी आपली मधली!

आणि तो आवाज! हजार पत्र्यांवर गारा पडाव्यात तसा. त्यात ह्यांचे निरोप सुरू, माझ्या डाव्या कानात. "त्याला सांग, मूठ हलकी धर." मी उजवीकडे ओरडले, मूठ हलकी धर! तिकडून, "बाबांना सांग, धरलीय." मी डावीकडे ओरडले, धरलीय! माझीही मूठ फिरतेय, गोळ्या कुठे जातायत मला पत्ता नाही. मग हे कानाशी आले, इतके जवळ की श्वास लागला. "त्याला विचार, अजून रागावलाय का."

मी विचारलं. आता तिथं हळू विचारायची सोय आहे का? बेंबीच्या देठापासून ओरडले, अजून रागावलायस का रे? पलीकडच्या ओळीतले एक आजोबा वळून म्हणाले, "नाही बुवा, मी कशाला रागावू?"

केंगो पडद्याकडेच बघत होता. कान लाल. म्हणाला, "बाबांना सांग, राग नव्हताच. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून भांडलो होतो."

मी वळले हो ह्यांच्याकडे. तोंड उघडलं. आणि आवाजच फुटेना. एवढी वर्षं मोजे पोचवले, लोणची पोचवली, आणि हाच एक निरोप नेमका घशात अडकला. हे माझ्या तोंडाकडे बघतायत, काय म्हणाला, काय म्हणाला, मी नुसती मान हलवतेय, डोळ्यांतून पाणी... आणि माझं यंत्र पिसाळलं!

दिवे काय, भोंगे काय, ताटलीतून गोळ्यांचा धबधबा! मी किंचाळले, बंद करा, बिघडलं! टायवाला धावत आला, म्हणाला, अभिनंदन ताई, लागलंय! थांबेल म्हटलं तर थांबेना, पुन्हा लागलं, पुन्हा लागलं, खोक्यांवर खोकी भरतायत, मी मूठ घट्ट धरून बसलेय कारण सोडली तर काय होईल ह्याचीच भीती! आणि एकाएकी सगळे दिवे विझले, पडदा काळा, मग त्यात पाणी. शांत पाणी. मलाही कळलं, हे ह्यांचं पाणी. होडी आली, दीपगृह आलं. गेंतानं दाराला हात लावला...

आणि डावीकडून हे वाकले, उजवीकडून केंगो वाकला! माझ्या नाकासमोर दोघांची डोकी, एकाला टक्कल पडलेलं, दुसऱ्याला नेमकं तिथंच पडायला लागलेलं. मी म्हणतेय अहो, सरका, अरे, दिसू दे की! कोण ऐकतंय? मला काही दिसलं नाही. ऐकू तेवढं आलं. केंगो म्हणाला, "बाबा, हे कधी काढलंत?" माझ्यामार्फत नाही हो, सरळ, माझ्या डोक्यावरनं! आणि हे म्हणाले, "तू गेलास त्याच वर्षी, हिवाळ्यात." आणि मग केंगोनं बापाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग दोघं जे बोलायला लागले, ते लाटांवर, फेसावर, वाळूवर, यंत्र थांबलं तरी बोलतायत, रस्त्यानं बोलतायत, घरी जेवताना बोलतायत! इतकी वर्षं निरोप्याचं काम केलं, आणि त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी मला कुणी काही सांगायलाच सांगेना. असा आनंद झाला म्हणून सांगू, दोनदा भात वाढला दोघांना.

शेवटी मीच विचारलं. म्हटलं, बरं, होतं काय दारामागे? भाऊ सापडला का त्याचा?

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. केंगो म्हणाला, "आई, शेवट सांगायचा नसतो. ज्याचा त्यानं खेळून बघायचा." मी ह्यांच्याकडे वळले. अहो, तुम्ही तरी! तर इतकी वर्षं ज्याचं पोराशी एका शब्दावर जमलं नाही, तो माणूस घास गिळून म्हणतो, "बरोबर आहे त्याचं."

झालं! केंगो परत सेंदाईला गेला, आता थेट बापाला फोन करतो, तासतास, मला फोन देतसुद्धा नाहीत. आणि ही बाई, जिनं जन्मात जुगाराची पायरी चढायची नाही म्हटलेलं, ती रोज सकाळी पिशवी घेऊन हॉलच्या लाईनीत. टायवाला म्हणतो, या ताई, आज लवकर? काय सांगू त्याला, नवऱ्याचं आणि लेकाचं जुळलं, म्हणून मी पाचिंकोला लागले!