मालतीने आधीच लिहून ठेवलेली अट

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी आणि मालती घाटंजीच्या शाळेत शिकवत होतो, तेव्हा माझी कपाटाची किल्ली हरवली होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. डोळे मिटून प्रार्थना केली, आणि किल्ली पर्सच्या तळाशी सापडली. "मालती, चमत्कार!" विज्ञानाच्या वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "अन् सापडली नाही त्या वेळा कुठं लिहून ठेवल्या वं?"

मंडळी, तिच्या तेरवीला तुम्ही सगळे आलात. मला बोलायला उभं केलंत. तिच्याबद्दल "होती" म्हणायला अजून जीभ वळत नाही. सांभाळून घ्या.

मालतीचं दुखणं कळलं, तेव्हा तिच्या आईला उपास मीच सुचवला. हो, मीच. चाळीस दिवस एक वेळ जेवायचं, लेक बरी होईल. मालती म्हणाली, "करा. पण चमत्कार कायले म्हणाचं, हे आधी लिहा. मागून ठरवलं त कोणताही चमत्कार पास होते." तिनेच लिहिलं. चाळिसाव्या दिवसानंतरचा रिपोर्ट साफ आला तर पास, नाहीतर नापास. मग म्हणाली, "खरी परीक्षा घ्याची त गोळ्या बंद करा लागतीन. नाहीतर गुण कशाचा, कसं समजन?"

आई ओरडल्याच, "गोळ्या सोडू नोको माय!"

"पाहा, आईचाही भरोसा गोळ्यांवरच!"

किती हसलो आम्ही तिघी. गोळ्या चालूच राहिल्या.

रिपोर्ट साफ आला नाही. मालती राहिली नाही.

आणि आता आई म्हणतात, "माह्यामुळंच गेली माही लेक." का? तर उपासात एका दुपारी लेकीसाठी वरण करताना त्यांनी मीठ चाखून पाहिलं. बोटभर वरण! कुणीतरी त्यांना सांगितलं, उपास मोडला म्हणून फळला नाही.

आई, माझ्याकडे बघा. मालती वाचली असती तर उपासाचं फळ. गेली, तर तुमचं बोट. ही कसली परीक्षा? यात उपास कधी हरत नाही, आणि आई कधी सुटत नाही.

मालतीला हे आधीच दिसलं होतं. कागदावर शेवटची ओळ तिची आहे: "नापास झालं तर आईची चूक शोधायची नाही." खाली माझी सही आहे. सही करताना मी चिडले होते. नापासाचं आतापासून कशाला लिहितेस? आज कळतं, कशाला. घ्या आई, हा कागद तुमचा.

मी अजून प्रार्थना करते. तिने मला कधी अडवलं नाही. पण न फळलेल्या प्रार्थनेचा दोष कुणाच्या माथी मारायचा नाही, एवढं तिच्यापाशी शिकले.

आता दोन मिनिटं शांत उभं राहू.

...

बसा. मालतीने सांगून ठेवलंय ते ऐका. सूक्ष्मदर्शक शाळेला. साड्या जाऊबाईंना. न उघडलेल्या गोळ्या डॉक्टरांकडे परत, दुसऱ्या कुणाच्या कामी येत असतील तर बघा म्हणावं. आणि एक माझं. आईंनी तेरा दिवसांत धड घास घेतलेला नाही. आजचं पहिलं ताट त्यांना वाढा. मी शेजारी बसते.